लिबरऑफिस बेसचे मराठी पाठ: संस्थेच्या कार्यालयात काही महिने वापरल्यानंतर

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातले लिबरऑफिस बेस या डेटाबेसच्या, म्हणजे माहितीचे एकमेकांशी जोडलेले तक्ते ठेवण्याच्या, मोफत सॉफ्टवेअरचे मराठी पाठ आमच्याकडे गेल्या पावसाळ्यापासून वापरात आहेत. मी कोल्हापुरातल्या एका छोट्या धर्मादाय संस्थेचं कार्यालय सांभाळते. शिक्षण बी.ए., विषय मराठी. मला प्रोग्रामर व्हायचं नव्हतं. देणगीदार, पावत्या आणि शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुली यांची माहिती एका जागी आणि चटकन सापडेल अशी हवी होती. संगणकवाल्याशी बोलताना त्याला नेमकं काय विचारायचं, हेही कळायला हवं होतं.

असं शिक्षण शोधणं हेच मोठं काम आहे. एमएस-सीआयटी आमच्या बहुतेक कर्मचाऱ्यांनी केलेलं होतं. त्याने संगणकावर हात बसतो, पण आमची अडचण त्याच्या पुढची होती. शहरातल्या एका खाजगी क्लासमध्ये एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकवत होते, पण सगळा रोख नोकरीच्या मुलाखतीवर. सेल्सफोर्स ही ग्राहक-देणगीदारांच्या नोंदी ऑनलाइन ठेवायचं सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी सामाजिक संस्थांना दहा परवाने मोफत देतं आणि त्यांचे ऑनलाइन धडेही फुकट आहेत. पण तेवढी मोठी व्यवस्था चालवायला जाणता माणूस कायम हाताशी लागतो. आमच्यासारख्या दोन-तीन टेबलांच्या कार्यालयाला ते झेपत नाही.

बेसचे पाठ छोटे, साधारण दहा मिनिटांचे आहेत. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला आपलं सॉफ्टवेअर उघडायचं, थांबवत थांबवत सोबत करत जायचं. आवाज मराठी आणि मेनू इंग्रजी. हे मला फार सोयीचं वाटलं, कारण प्रत्यक्ष कामातही मेनू इंग्रजीच दिसणार असतात. सगळं उदाहरण ग्रंथालयाचं आहे: पुस्तकं, सभासद आणि कोणी कोणतं पुस्तक नेलं याच्या नोंदी. आम्ही सभासदाच्या जागी देणगीदार धरला आणि नेलेल्या पुस्तकाच्या जागी पावती. तिथून सगळं उलगडलं.

आपल्या भागातल्या माणसाला ही मांडणी खरं तर अंगवळणी पडलेली असते. गावच्या दूध संस्थेत उत्पादकाचा कोड एकच असतो आणि दूध सकाळ-संध्याकाळ येतं. प्रत्येक वेळी त्याचा पत्ता कोणी लिहीत बसत नाही, कोडवर लिटर आणि फॅट चढतं. आमच्या एक्सेलमध्ये मात्र प्रत्येक पावतीच्या ओळीत नाव, पत्ता, पॅन पुन्हा पुन्हा टाइप व्हायचं. आता देणगीदाराचा तक्ता वेगळा, पावत्यांचा वेगळा, आणि दोन्ही क्रमांकाने जोडलेले.

क्रमांकाचं महत्त्व आमच्याकडे जरा जास्तच आहे. एकाच माणसाचं नाव एका यादीत आण्णासाहेब पाटील, दुसरीत आण्णासो पाटील, तिसरीत ए. बी. पाटिल. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर मदतीच्या याद्या ज्यांनी हाताळल्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वेगवेगळ्या कार्यकर्त्यांनी एकाच घराची केलेली नोंद संगणकाला वेगवेगळी घरं वाटते. त्यात जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर मराठी अक्षरं सारखीच ओळखली जाण्याची आजची पद्धत) असतील तर शोध लागतच नाही. त्या आधी युनिकोडमध्ये आणायच्या, मगच तक्त्यात घालायच्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि कोणताही पाठ ते तुमच्यासाठी करून देत नाही. आमचा सर्वाधिक वेळ इथेच गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन.

खरा फायदा मे महिन्यात दिसला. 80जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता, असलेल्या संस्थांना आर्थिक वर्ष 2021-22 पासून प्रत्येक देणगीदाराचा तपशील फॉर्म 10बीडीमध्ये 31 मेपर्यंत भरावा लागतो. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क. पूर्वी मे महिनाभर पॅनसाठी फोन चालायचे. आता ‘पॅन रिकामा’ अशी एक क्वेरी, म्हणजे हव्या त्या नोंदी निवडून दाखवणारा तयार प्रश्न, करून ठेवली आहे. महिनाअखेरीस ती चालवायची आणि त्याच आठवड्यात फोन करायचे. 2000 रुपयांवरच्या रोख देणग्यांची दुसरी क्वेरी आहे, कारण त्यावर देणगीदाराला करसवलत मिळत नाही आणि ते त्याला वेळीच सांगणं आपलं काम आहे.

मर्यादाही नीट समजून घ्या. बेसची साधी फाइल एका वेळी एकालाच वापरता येते. तिच्यासाठी संगणकावर जावा हे जोडीचं सॉफ्टवेअर असावं लागतं. आणि हे पाठ डेटाबेसचे आहेत, कार्यालयाच्या आयटी व्यवस्थापनाचे नाहीत. बॅकअप कुठे ठेवायचा, वेबसाइटचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव) कोणाच्या नावावर आहे, कर्मचारी सोडून गेल्यावर पासवर्डचं काय, संगणकवाल्याशी करारात काय लिहायचं, हे दुसरीकडून शिकावं लागतं.

आम्ही ते शिकलो साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागातून निवृत्त झालेल्या एका काकांकडून. हजारो सभासदांची ऊसबिलं ज्यांनी वर्षानुवर्षं काढली, त्यांना बॅकअपची शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, “परत आणून बघितलाय का कधी बॅकअप?” तेव्हापासून दर तिमाहीला आम्ही जुना बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघतो. एक प्रत कार्यालयाबाहेर, पुराचं पाणी पोचणार नाही अशा जागी असते. मुलींच्या आधार कार्डांच्या प्रती साठवणं त्यांनीच बंद करायला लावलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, मग गरज नसलेला कागद जवळ ठेवायचा कशाला? सहकारी बँका आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात अशी जाणती माणसं कितीतरी आहेत. विश्वस्तांनी त्यांना शोधून, मानाने बोलावून घ्यावं.

सुरुवात करणार असाल तर आधी त्याच प्रकल्पातले कॅल्कचे (लिबरऑफिसमधलं एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) पाठ करा आणि तुमची एकच यादी स्वच्छ करून घ्या. बेसला हात घालताना ग्रंथालयाच्या उदाहरणासोबत रोज स्वतःच्या वीस-पंचवीस नोंदी घाला. कार्यालयातल्या निदान दोघांनी एकत्र शिका, म्हणजे एकजण रजेवर गेला तरी पावती निघते.