प्रेअरीतले ॲस्टर ओळखण्यासाठी दहापट भिंग : दोन हंगामांच्या वापरानंतर

शिकागोच्या आसपास जपलेल्या प्रेअरीच्या, म्हणजे नैसर्गिक गवताळ माळरानाच्या, तुकड्यांवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आपल्या नवरात्राच्या सुमारास, जांभळ्या-निळ्या ॲस्टरला बहर येतो. या फुलांच्या जाती वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून मी 10 पट मोठे दाखवणारे, घडीचे, तीन काचांचे भिंग सुमारे 30 डॉलरना घेतले, आणि ते पैसे पुरेपूर वसूल झाले.

ॲस्टरचे एक फूल म्हणजे वस्तुतः अनेक पुष्पकांचा (इवल्या फुलांचा) स्तबक, म्हणजे गुच्छ, असतो; त्याच्या रंगावर विसंबून जात ठरवायला गेले की हमखास चूक होते, कारण खरी खूण स्तबकाखालच्या बारीक हिरव्या छदांवर, म्हणजे खवल्यांसारख्या पानांवर, असते. न्यू इंग्लंड ॲस्टरच्या छदांवर भिंगातून पाहिले की टोकाला चमकता थेंब असलेले इवले केस दिसतात, आणि छदे बोटांना चिकट का लागतात ते तेव्हा उमगते. स्मूद ॲस्टरची छदे मात्र गुळगुळीत, अंगासरशी चिकटलेली, आणि प्रत्येकाच्या टोकाशी शंकरपाळ्याच्या आकाराचा गडद हिरवा ठिपका. पांढऱ्या हीथ ॲस्टरच्या छदाला अणकुचीदार टोक असते. हे सारे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही.

भिंगाने सगळेच साधते असे नाही. स्काय ब्लू ॲस्टरची छदे स्मूद ॲस्टरच्या छदांशी बरीच मिळतीजुळती असल्यामुळे तिथे पानावरून बोट फिरवावेच लागते. पान पॉलिशपेपरसारखे खरखरीत लागले तर तो स्काय ब्लू. ॲरोमॅटिक ॲस्टरही न्यू इंग्लंडसारखाच चिकट असतो, तेव्हा त्याचे पान झाडावरच चुरगाळून वास घ्यावा; अर्थात राखीव क्षेत्रात काहीही तोडू नये.

यापूर्वी घेतलेल्या, 30 पट म्हणून विकल्या गेलेल्या स्वस्त भिंगात कडेला रंगीत झालर दिसे आणि हात जरा हलला की फूल नजरेतून निसटे. दहापट भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून फूल अडीच सेंटिमीटरवर आणले की चित्र स्थिर आणि स्वच्छ दिसते. त्यासाठी गुडघे टेकून बसण्याची तयारी मात्र हवी.

एक उणीव आहे: घडीचा स्क्रू दुसऱ्या हंगामात सैल झाला. शिवाय सोबत दोरी येत नाही; ती लाल रंगाची घेऊन भिंग गळ्यात अडकवावे, कारण छातीइतक्या गवतात पडलेले काळे भिंग शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.