फेनबेंडाझोल की आयव्हरमेक्टिन?
पावसाळा लागला की खानापूर-बेळगावकडच्या गोठ्यांत हाच प्रश्न. दोन्हीही जंताचीच औषधं, पण कामं निराळी.

फेनबेंडाझोल तोंडातून पाजायचं. गाई-म्हशीला किलोमागे ५ मिलिग्रॅम. शेळीचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, म्हणून डॉक्टर तिला दुप्पट सांगतात. पोटातल्या गोल जंतांवर ते चालतं आणि गाभण जनावरालाही सहसा झेपतं. मात्र उवा, खरूज यांना ते हात लावत नाही.

आयव्हरमेक्टिन कातडीखाली टोचतात, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. गोल जंतांबरोबर उवा आणि खरजेचे किडेही जातात, त्यामुळे अंग खाजवणाऱ्या जनावराला मी हेच निवडेन. पण ते दुधात उतरतं, म्हणून दुभत्या म्हशीला नको. डेअरीला दूध घालणाऱ्या घरात फेनबेंडाझोलच बरं, तेही दूध किती दिवस थांबवायचं ते लेबलावर वाचून. आणि गुरांची उरलेली सुई घरच्या कुत्र्याला? अजिबात नको. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांच्या मेंदूला ती बाधते, जीवही जातो.

एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. भाताच्या खाचरात, गोगलगायींच्या पाणथळीत चरणाऱ्या जनावराच्या काळजात, म्हणजे यकृतात, चपटे जंत असतील, तर या दोन्हींचा उपयोग नाही. जबड्याखाली पाणी साठलं, शेण पातळ झालं, की आधी शेण तपासून घ्या. तिकडे अथणीच्या कोरड्या माळावरच्या शेळीची खालची पापणी उलटून बघा. पांढरी दिसली तर रक्त पिणारा जंत असू शकतो.