टिमोथी टेलरची एल: लँडलॉर्ड घ्यायची, बोल्टमेकर की गोल्डन बेस्ट?

मी लीड्सला राहतो, त्यामुळे इकडे फिरायला आलेला प्रत्येक मित्र पबमधे हँडपंपांसमोर उभा राहून मलाच विचारतो, टिमोथी टेलरची घेऊ पण कुठली? ही ब्रुअरी (बिअर बनवणारी कंपनी) लीड्सजवळच्या कीथली गावाची, 1858 पासूनची, अजून घरच्याच लोकांच्या हातात आहे आणि बिअरला पाणी स्वतःच्या नोल स्प्रिंग झऱ्याचं वापरतात. माझं या बिअरवर मनापासून प्रेम आहे, तेव्हा नीट सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की कास्क एल, म्हणजे पिंपातून हातपंपाने दिली जाणारी पारंपरिक ब्रिटिश बिअर, बर्फासारखी थंड नसते, 11-13 अंशांवर देतात, वरून गॅस भरलेला नसतो, यीस्ट पिंपात जिवंत असतं. लागरची (नेहमीची थंडगार, फसफसणारी बिअर) सवय असेल तर पहिला घोट मऊ, जवळजवळ गॅस उडून गेल्यासारखा वाटेल. अर्धा पाइंट घ्या, सावकाश प्या, मग ठरवा.

लँडलॉर्ड (4.3 टक्के) सगळ्यात नावाजलेली, कॅमरा (CAMRA, कास्क एलसाठी झटणारी ब्रिटिश ग्राहक संघटना) या संस्थेचा चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन किताब चार वेळा मिळालाय, 1982, 1983, 1994 आणि 1999. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) फुलांसारखा वास, संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा कडवटपणा आणि मागे माल्टचा (मोड आणून वाळवलेलं धान्य) गोडवा, तिन्ही एकाच घोटात, म्हणून माझी सगळ्यात लाडकी हीच. पण हिला सांभाळणारा पब लागतो. पिंपात तिचं आंबणं चालूच असतं, तळघरात बरेच दिवस शांत पडू द्यावी लागते, घाई केली की कच्ची लागते. मला एका पबात अशी कच्ची मिळाली होती, सोबतच्या मित्राची ती पहिलीच लँडलॉर्ड, आणि तो अजून म्हणतो की त्यात काय एवढं. याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून ज्या पबात गर्दी असते, पिंपं पटापट संपतात आणि तळघराची काळजी घेतात तिथेच मागवा, उघडलेलं पिंप तीनेक दिवसांत संपायला हवं.

बोल्टमेकर (4 टक्के) हिचं आधीचं नाव बेस्ट बिटर, हिनेही 2014 ला तोच किताब मिळवला. लँडलॉर्डपेक्षा माल्ट पुढे, बिस्किटासारखी चव, शेवट कोरडा. एलची ओळख करून घेणाऱ्याला मी आधी हीच देतो, कारण चव सरळ आहे, जेवणाबरोबर पण मस्त जाते, स्टेक पाय असेल तर विचारूच नका.

गोल्डन बेस्ट (3.5 टक्के) लाइट माइल्ड, म्हणजे कमी कडू, फिकट रंगाची एल आहे, हलकी, जराशी गोडसर. गप्पांची लांब संध्याकाळ असेल तर हीच. पण दोन घोटांत छाप पडावी अशी अपेक्षा असेल तर निराश व्हाल, आणि सगळीकडे मिळत पण नाही, दिसली की घ्या.

बाटलीतली लँडलॉर्ड सुपरमार्केटमधे मिळते, 4.1 टक्क्यांची, चांगली आहे, पण तिच्यावरून पिंपातलीचं मत बनवू नका. एक दुपार मोकळी असेल तर ट्रेनने कीथलीला या, बोल्टमेकर्स आर्म्स स्टेशनपासून जवळच आहे, पब अगदी छोटा, तिथे आधी बोल्टमेकर मागवा आणि मग लँडलॉर्ड.