झाडांच्या पाट्या आणि बागेतली मातीची फळं: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाच्या मागच्या जागेत गावाने मिळून एक छोटी वनस्पती-बाग उभी केली आहे. गेल्या मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, तिथल्या झाडांना निरनिराळ्या प्रकारच्या पाट्या लावल्या आणि डिचोलीच्या एका कुंभाराकडून घडवून घेतलेली मातीची शिल्पं मांडली. मध्ये अख्खा पावसाळा गेला, चतुर्थी झाली, आता शिगमो तोंडावर आला आहे. आजूबाजूच्या शाळा आणि देवस्थान समित्या "कुठल्या पाट्या लावल्या, टिकल्या का" असं विचारत असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी निकाल. जाड अ‍ॅल्युमिनियमवर कोरलेली अक्षरं आणि भट्टीत भाजलेली माती, या दोनच गोष्टींनी पावसाळा नीट सोसला. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. वस्तूवर 'वॉटरप्रूफ' छापलं म्हणून ती हे चार महिने काढेलच असं नाही.

लॅमिनेट केलेले कागद आषाढातच गेले. कडेने पाणी शिरलं, आत बुरशी धरली, कडा सुटल्या तिथे गोगलगायींनी कागद कुरतडला. फणसाच्या फळीवर रंगवलेल्या पाट्या फार देखण्या होत्या. फळी शाबूत राहिली, पण ती ज्या साध्या लाकडाच्या खुंटावर ठोकली होती तो वाळवीने पोकळ केला. विनाइलवर छापलेल्या रंगीत पाट्यांनी पाऊस काढला आणि ऑक्टोबरच्या उन्हात मान टाकली. लाल-पिवळा उडाला, आता सगळी फुलं निळसर दिसतात. क्यूआर कोडचे स्टिकर चिखलाच्या शिंतोड्यांनी भरले. मोबाइलवर माहिती मिळणं चांगलंच, पण झाडाचं नाव वाचायला रेंज लागू नये, असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीबद्दल मात्र थोडं जास्त सांगायला हवं, कारण पाटीपेक्षा ती लावायची कशी हे महत्त्वाचं. दोन मिलीमीटर जाडीचा पत्रा, अक्षरं कोरून त्यात काळा रंग भरलेला. झाड शेंड्याकडे उंच होतं, म्हणून डोळ्यांच्या उंचीवर लावलेली पाटी तिथेच राहते; पण खोड जाड होत जातं. खिळा घट्ट ठोकला तर काही वर्षांत साल पाटीच्या कडांवर चढते, पत्रा वाकतो आणि शेवटी झाड पाटी गिळतं. तारेने आवळलं तर त्याहून वाईट: तार सालीत रुतते, पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणारा सालीतला मार्ग दाबला जातो आणि झाड हळूहळू मरतं. म्हणून लांब स्क्रूवर स्प्रिंग चढवून पाटी लावतात. खोड वाढेल तशी स्प्रिंग दबते आणि पाटीला सरकायला जागा मिळते. स्क्रू आणि स्प्रिंग स्टेनलेस स्टीलचेच घ्या. समुद्राजवळ बाग असेल तर 316 ग्रेड मागा, 304 वर खाऱ्या हवेने डाग पडतात. खोड बारीक असलेल्या झाडाला हात न लावता बाजूला गुडघाभर उंचीची तिरकी पाटी रोवावी. त्याहून खाली लावली तर प्रत्येक सरीला मातीने माखते.

हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइलचा मोह गोव्यात कोणालाही होईल. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातली 1935 मधली, पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासोची टाइल-चित्रं पाहून आम्हालाही झाला. पण ती छपराखाली आहेत. आम्ही चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, बुटक्या खांबांत टाइल बसवल्या. चिरा पाणी पितो, ते टाइलच्या पाठीमागे साठतं, आणि एका टाइलला आरपार तडा गेला. बाकीच्यांवरचा रंग मात्र पहिल्या दिवसासारखा आहे. शेवाळ चिऱ्यावर चढलं, टाइलवर नाही. वर थोडी पुढे आलेली कौलाची पट्टी असेल तर टाइल जरूर घ्या.

पाटीवर काय लिहायचं यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. नुसतं नाव पुरत नाही. जगभरच्या वनस्पती उद्यानांच्या संघटनेच्या व्याख्येतही भर आहे तो झाडांच्या नोंदींवर. नोंद नसेल तर तो बगीचा, संग्रह नव्हे. म्हणून प्रत्येक झाडाला क्रमांक दिला आहे: 2019-14 म्हणजे 2019 साली नोंदलेलं चौदावं झाड, आणि रोप कुठून आणलं ते वहीत. ऐनाच्या पाटीवर 'माट्टी, गोव्याचा राज्यवृक्ष' असं आहेच, पण 'सालीला हात लावून पाहा, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते' हेही आहे. लोक खरंच हात लावतात.

भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, पाटीला सगळ्यात जास्त वाचक मिळाले. या फळाची नोंद गार्सिया द ओर्ताने गोव्यात 1563 मध्ये छापलेल्या आपल्या औषधी वनस्पतींवरच्या संवादग्रंथात केली आहे. हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला आणि इथेच 1568 मध्ये वारला. तो छुपेपणाने ज्यू धर्म पाळत होता असं ठरवून 1580 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप युरोपातला वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस याने 1567 मध्ये काढला, आणि भिरंड आज ज्या क्लुसिएसी कुलात मोडतं ते त्याच क्लुसियसच्या नावाचं. पणजीच्या नगर उद्यानाला ओर्ताचं नाव आहे. तिथे रोज बसणाऱ्यांनाही ही हकिकत ठाऊक असावी असं मनापासून वाटतं. पाटीवर आणखी एक ओळ आहे: 'हे झाड नर आहे, याला फळ धरत नाही.' बी लावून केलेल्या भिरंडांत निम्मी झाडं अशी निघू शकतात, आणि फळ नाही म्हणून कोयता चालवण्याआधी लोकांनी हे वाचलेलं बरं.

आता शिल्पं. बागेत कला म्हटली की फायबरचं हरीण आणि ठिपक्यांची अळंबी आणतात. एका बागेत अशा हरणाचा रंग पहिल्याच पावसात सोलून निघालेला पाहिला, आणि त्याच्या चौथऱ्यासाठी बकुळीच्या बुंध्याभोवती सिमेंट ओतलेलं. याचा मला मनस्वी राग येतो. मोठ्या उद्यानांची गोष्ट वेगळी: लंडनच्या क्यू उद्यानात 2007 मध्ये इंग्रज शिल्पकार हेन्री मूरची अवाढव्य शिल्पं हिरवळीवर मांडली होती, पणजीत 2016 पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. तिथे लोक कला बघायलाच येतात. लहान बागेत शिल्पाने माणसाला झाडापाशी न्यावं, एवढंच त्याचं काम.

म्हणून आम्ही कुंभाराला त्या-त्या झाडाचंच फळ किंवा कळी मोठी करून मागितली. आडवं कापलेलं भिरंड, टोपलीएवढं, आत एकेक बी वेगळी घडवलेली. काजूचं बोंड आणि खाली लोंबणारी बी. सुरंगीच्या फांदीला थेट चिकटून आलेल्या गोल कळ्या. ऑगस्टमध्ये यातलं काहीच झाडावर नसतं, तेव्हा ही मातीची फळंच बाग चालवतात. नजर पार अधू झालेल्या गावातल्या एका आजींना नात घेऊन आली होती. त्यांनी भिरंडाच्या आत बोटं फिरवली, बिया मोजल्या आणि आगळ (फळाचा घट्ट रस) कसं काढायचं, सोलां (फळाच्या साली) किती दिवस वाळवायची हे तिथे उभ्या मुलांना सांगत बसल्या.

वापरातल्या सूचना: शिल्प आतून पोकळ आणि सगळीकडे सारख्या जाडीचं हवं, नाहीतर आत अडकलेल्या ओलाव्याने ते भट्टीत फुटतं. बुडाला भोक ठेवून घ्या. पाणी साचलं तर डास होतात. वरून व्हार्निश लावू नका, ओल आत कोंडते आणि पोपडे निघतात. थंड देशांत मातीत मुरलेलं पाणी गोठून भांडी तडकतात, ती भीती इथे नाही. हिरवा थर मात्र धरतोच. चतुर्थीनंतर ऊन पडलं की काथ्याचा ब्रश आणि साधं पाणी पुरतं. अ‍ॅसिड नको.

पुढच्या खेपेला सातवणीची (सप्तपर्णीची) जोडशेंग सांगितली आहे. लांब आणि बारीक असल्याने भट्टीत वाकेल, असं कुंभाराचं म्हणणं, म्हणून तो ती तीन तुकड्यांत भाजून चिऱ्यावर आडवी जोडणार आहे. पाडव्यापर्यंत देतो म्हणाला.