जागेवर उभी गाडी, काटा चाळीसवर

चावी फिरवली. इंजिन अजून सुरू केलेलं नव्हतं. गाडी मधल्या स्टँडवर, दोन्ही चाकं गप्प. आणि मी नुकताच बसवलेल्या 'जुन्या' स्पीडोमीटरचा काटा शून्यावरून उठला, सावकाश वर चढला आणि चाळीस मैलांवर जाऊन थांबला. चावी बंद केली, काटा खाली. पुन्हा चालू केली, पुन्हा चाळीस.

विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "सर, नवीन बसवल्यावर असं होतं. पाचशे किलोमीटर चालवा, आपोआप सेट होईल." आणि मी चालवली. हे लिहिताना लाज वाटते, पण हाच भाग गाळला तर बाकीचं सांगून काही उपयोग नाही. मूळचे दोन्ही डायल मी काढले नव्हते, हा मीटर हेडलाइटच्या वर वेगळ्या पट्टीवर बसवला होता, एवढंच नशीब. पाचशे किलोमीटरभर मी गाडी हाकत होतो आणि माझ्यासमोर तो काटा सिग्नलला थांबलेलो असतानाही चाळीस दाखवत होता.

गाडी ट्रायम्फची बॉनव्हिल टी१२०, १२०० सीसीची. २०१६ साली आलेली ही पिढी दिसायला १९५९ च्या मूळ बॉनव्हिलच्या वळणाची, पण आतून पूर्ण आजची. पाण्याने थंड होणारं इंजिन, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा), इंधन इंजेक्शन. मूळ गाडीला अमालचे दोन कार्बोरेटर होते. नव्या गाडीत ते नाहीत, पण इंजेक्शनची थ्रॉटल बॉडी अशी घडवली आहे की लांबून बघणाऱ्याला कार्बोरेटरच वाटावेत. म्हणजे गाडीच मुळात सोंग घेऊन आलेली. पण ते सोंग उघड आहे, कुणी लपवत नाही, आणि मला ते आवडतं. मला हवं होतं इतकंच, की या सोंगात एक तरी गोष्ट खरी जुनी असावी.

ती गोष्ट म्हणजे स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचा क्रोनोमेट्रिक स्पीडोमीटर. ज्यांनी तो चालताना पाहिला नाही त्यांना हा हट्ट कळणार नाही. साध्या मीटरमध्ये केबलने एक चुंबक फिरतं आणि त्याच्या ओढीने काटा सरकतो. क्रोनोमेट्रिकमध्ये घड्याळासारखी दातेरी चक्रं असतात. ठरावीक क्षणभरात केबलचे किती फेरे झाले ते यंत्रणा मोजते, काटा तेवढा हलवते, मग पुन्हा मोजते. त्यामुळे वेग वाढताना काटा सरकत नाही, टप्पे घेत जातो. टक, टक, टक. साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश गाड्यांवर हे मीटर असायचे, मग स्वस्त चुंबकी मीटर आले. एका जुन्या गाडीवर तो काटा उड्या मारत साठपर्यंत जाताना बघितला त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना.

हौसेला मोल नसतं म्हणतात. हे वाक्य फसवणाऱ्यांनाही तोंडपाठ असतं.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'न्यू ओल्ड स्टॉक, कधी न वापरलेला, मूळ खोक्यासह'. फोटो सुरेख होते. काळा डायल, काचेभोवतीच्या कड्यावर एक बारीक तिरका ओरखडा, खाली पिवळटलेलं खोकं. मी विचारणा केली तर गृहस्थ विकायला तयारच नव्हते! "खरं म्हणजे हा माझ्याकडेच ठेवायचा विचार आहे. पण तुम्ही गाडी समजणारे वाटलात म्हणून बोलतोय." दोन दिवस त्यांनी माझ्याशी फक्त गाड्यांबद्दल गप्पा मारल्या. जोसेफ लूकास या ब्रिटिश कंपनीच्या, सतत बिघडण्याबद्दल बदनाम असलेल्या विजेच्या सामानावरचे जुने विनोद सांगितले. भावात घासाघीस मीही केली नाही, मला ते अपमान केल्यासारखं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आणखी एकजण मागतोय, पण मला तुमच्याच गाडीवर बघायला आवडेल.

मी एक बरोबर प्रश्न विचारला होता. नव्या गाडीला मीटरची केबलच नसते, वेग चाकाजवळच्या सेन्सरवरून कळतो, मग हा चालणार कसा? त्यावर उत्तर तयार होतं, "त्यासाठी कन्व्हर्टर देतो ना." अशा पेट्या असतात, हे खरं आहे. सेन्सरचे विजेचे ठोके घेऊन आतली छोटी मोटर त्या प्रमाणात केबल फिरवते. मी त्याबद्दल वाचलेलं होतं, म्हणूनच उत्तर पटलं. थोडंसं माहीत असलेल्या माणसाला फसवणं बहुधा सगळ्यात सोपं जात असावं.

पैसे देताना त्यांनी सुचवलं की साइटवरून व्यवहार नको, कमिशन उगाच जातं, ओळखीच्या माणसाला पाठवतात तसे थेट पाठवा. मी पाठवले. अशा व्यवहारात खरेदीदाराला कसलंच संरक्षण राहत नाही, हे नंतर तक्रार करायला गेलो तेव्हा मला दोन ओळींत कळवण्यात आलं.

पार्सल आलं. खोक्याला वास येत होता, पण साठ वर्षांच्या कोंदटपणाचा नाही. डाग सगळीकडे सारखे, घडीच्या आतसुद्धा. जुना पुठ्ठा कडेने आणि घडीवर पिवळा पडतो, आत तेवढा पडत नाही. हा चहाच्या पाण्यातून काढलेला होता. हे मला आज दिसतं. त्या दिवशी मी खोकं नाकाशी धरून, "काय वास आहे!" म्हणालो होतो.

मागचे दोन नट मी आठ नंबरच्या पान्याने आवळले. पाना चपखल बसला. तिथेच थांबायला हवं होतं. त्या काळच्या इंग्रजी सामानाचे नटबोल्ट आजच्या मिलिमीटरच्या पान्यांच्या मापाचे नसत. मोठे व्हिटवर्थ किंवा त्यांच्याच दुसऱ्या मापांचे, आणि असे छोटे बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे. २ बीएचा नट सपाट बाजूंवर सुमारे ८.२ मिलिमीटर भरतो. त्यावर आठचा पाना चढतच नाही. माझा चढला, आणि मला आनंद झाला की चला, वेगळा पाना आणायला नको.

शेवटी एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. ते जुनीच कामं करतात, नव्या गाड्यांना सहसा हात लावत नाहीत. त्यांनी माझं ऐकूनही घेतलं नाही. मीटर काढला, चौकोनी टोकाचा केबलचा एक तुकडा ड्रिलमध्ये धरला आणि मीटरच्या मागे घातला.

"डायलवर बारीक आकडा काय लिहिलाय?"

"१६००."

"मैलाला केबलचे सोळाशे फेरे. म्हणजे ताशी साठ मैलाला मिनिटाला किती?"

साठ मैलाच्या वेगाने मैलाला एक मिनिट लागतं. म्हणजे मिनिटाला सोळाशेच. त्यांनी ड्रिलचा वेग जवळपास तेवढ्यावर आणला. काटा उठला आणि लोण्यातून सुरी जावी तसा सरकत शंभराच्या पुढे गेला. एकही उडी नाही. मग त्यांनी खणातून एक फुटक्या काचेचा, गंजलेला मीटर काढला आणि त्याला तेच ड्रिल लावलं. टक, टक, टक. किंचित थरथरत काटा साठाच्या आसपास थांबला.

"हा आहे तो," ते म्हणाले. "तुमचा घरातल्या कपाटाला शोभेल."

माझ्या मीटरचं कडं त्यांनी उचकटलं. आत एक साधी चुंबकी यंत्रणा, भलत्याच गाडीसाठी बनलेली. डायल नवा छापून वर चिकटवलेला, त्याची एक कड उचलली गेली होती. आणि कड्यावर ओरखडा कुठेच नव्हता. फोटोतला मीटर खरा असावा, फक्त तो माझ्याकडे कधी आलाच नव्हता.

कन्व्हर्टरची पेटी काळ्या रेझिनने भरून बंद केली होती. ती फोडायला अर्धा तास गेला. आत एक छोटी मोटर. दोन वायरी, थेट बारा व्होल्टवर. बस. म्हणून चावी फिरवली की मोटर एकाच वेगाने फिरायची आणि काटा चाळीसवर जायचा, गाडी धावो की उभी राहो. तिसरी, पिवळी वायर, जी मी सूचनेप्रमाणे पुढच्या चाकाच्या एबीएस सेन्सरच्या वायरला जोडली होती, ती रेझिनमध्ये बोटभर आत जाऊन संपत होती. कशालाच जोडलेली नव्हती. ती केवळ मला खरं वाटावं म्हणून होती.

खरं नुकसान त्याच पिवळ्या वायरीने केलं. ती जोडण्यासाठी मी सेन्सरच्या वायरीचं आवरण सोललं होतं, वर साधी चिकटपट्टी गुंडाळली होती. पहिल्या पावसात पाणी शिरलं, एबीएसचा दिवा लागला आणि विझेना. हा दिवा लागून राहिला की एबीएस काम करत नाही, म्हणजे ओल्या रस्त्यावर मी ज्याच्या भरवशावर ब्रेक दाबणार तेच गायब. सेन्सर वायरीसकट बदलावा लागला, आणि वायरिंगशी छेडछाड झालेली दिसल्यावर त्या भागाची वॉरंटी गेली. मीटरचे पैसे बुडाले त्याचं वाईट वाटतं, पण या दुसऱ्या गोष्टीने अजूनही पोटात गोळा येतो.

नव्या गाडीवर जुने पार्ट लावूच नयेत असं माझं म्हणणं नाही. टाकीवरचे गुडघ्याचे रबर, आरसे, इंधनाचं झाकण, सात इंची हेडलाइटचं शेल, यांत हौस भागते आणि फसलो तरी जिवावर बेतत नाही. (रबर मात्र 'कधी न वापरलेलं' म्हणून घेऊ नका. ते फळीवर पडल्यापडल्याही कडक होतं, तडकतं. तिथे नवीन बनावटीचंच बरं.) पण ब्रेकला, सेन्सरला किंवा ईसीयूकडे (गाडीच्या संगणकाकडे) जाणाऱ्या कुठल्याही वायरीला हात लावायला सांगणारा पार्ट आला की मी आता तो परत खोक्यात घालतो. आजच्या गाडीत एक वायर दहा ठिकाणी बोलत असते.

आणि विकणाऱ्याला काय विचारायचं, तर आकडे. डायलवरचा कोड दिसेल असा, हातात वस्तू धरून, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो पाठवा म्हणायचं. मागच्या बाजूचा, नटांचा, जवळून घेतलेला फोटो मागायचा. जाहिरातीतले फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघायचे. मी हे सगळं झाल्यावर केलं. तेच फोटो, तोच ओरखडा, काही वर्षांपूर्वीच्या एका विक्रीत सापडले, मीटर तेव्हाच विकला गेला होता. आणि क्रोनोमेट्रिक असेल तर ड्रिल लावून काटा हलताना दाखवा, एवढी एक मागणी. ड्रिल उलटं मात्र फिरवू नये, आतले दाते खराब होतात.

मागच्या आठवड्यात ती जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, फोटो तेच. 'एकच नग, मूळ खोक्यासह.' मी वेगळ्या खात्यावरून विचारलं, ड्रिल लावून काटा फिरतानाचा व्हिडिओ मिळेल का?

उत्तर लगेच आलं. "अहो सर, इतकी नाजूक वस्तू ड्रिलला कुणी लावतं का? तुम्ही गाडी समजणारे वाटलात म्हणून सांगतो."