फोर्ड फील्ड आणि डेट्रॉइट लायन्सचा २०२३ चा हंगाम : एका प्रेक्षकाचा अभिप्राय

डेट्रॉइटच्या परिसरात मोटार उद्योगामुळे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी नव्याने आलेले मित्र हिवाळ्याच्या तोंडावर एक प्रश्न हमखास विचारतात : फोर्ड फील्ड या स्टेडियमवर डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना पाहण्यासाठी इतके पैसे खर्च करावेत का? २०२३ पूर्वी मी त्यांना इमारत पाहून या, सामन्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नका, असे सांगत असे. त्या हंगामात मी दोन सामने प्रत्यक्ष मैदानात पाहिले, तिसरा त्याच स्टेडियमच्या पडद्यांवर पाहिला, आणि माझे उत्तर पूर्णपणे बदलले.

अपेक्षा न ठेवण्यास कारण होते. लायन्सने शेवटचे अजिंक्यपद १९५७ मध्ये मिळवले होते, २००८ मध्ये हा संघ १६ पैकी १६ सामने हरला होता, आणि प्लेऑफमधला, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेरीतला, त्याचा शेवटचा विजय जानेवारी १९९२ मधला होता. फोर्ड फील्ड २००२ मध्ये सुरू झाले, तरी तिथे प्लेऑफचा एकही सामना लायन्सच्या वाट्याला आला नव्हता. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांच्या पहिल्या वर्षी, २०२१ मध्ये, संघाने फक्त तीन सामने जिंकले. अशा संघाची हंगामी तिकिटे वडिलांकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे चालत आलेली कुटुंबे मी इथे पाहिली आहेत, आणि त्यांच्या निष्ठेबद्दल मला मनापासून आदर आहे.

आधी वास्तूविषयी. स्टेडियम शहराच्या मध्यभागी आहे, त्याच्या एका बाजूला हडसन्स या जुन्या दुकानाचे विटांचे गोदाम जसेच्या तसे सामावून घेतलेले आहे, आणि मैदान रस्त्याच्या पातळीपेक्षा बरेच खाली असल्यामुळे आत शिरल्यावर आपण खोलगट दरीच्या कडेला उभे आहोत असे वाटते. वर कायमचे छत आहे. मिशिगनच्या जानेवारीत हे सुख शब्दांत सांगता येणार नाही. नवख्या प्रेक्षकाला माझा सल्ला असा की मैदानालगतच्या महागड्या जागेचा हट्ट धरू नये. वरच्या मजल्यावर, मैदानाच्या लांबीच्या बाजूला बसले की दोन्ही संघांची रचना चेंडू हलण्यापूर्वीच डोळ्यांत भरते, कोणता खेळाडू कुठे धावणार याचा अंदाज बांधता येतो, आणि दूरदर्शनवर कधीच न उमगलेला हा खेळ तासाभरात उमगू लागतो. बॅग पारदर्शकच लागते आणि तिकीट मोबाईलवर असते, एवढे लक्षात ठेवावे. खाद्यपदार्थ महाग आहेत; शाकाहारी माणसाने घरून जेवून निघावे हे उत्तम. बाहेरच्या एका खाजगी पार्किंगवाल्याने ऐनवेळी सांगितलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतले, म्हणून शक्यतो जागा आधीच आरक्षित करावी.

आता ज्यासाठी पैसे मोजायचे त्या खेळाविषयी. हंगामाची सुरुवात ७ सप्टेंबर २०२३ रोजी गतविजेत्या कॅन्सस सिटी चीफ्सच्या घरच्या मैदानावर २१-२० अशा विजयाने झाली. मी पाहिलेला पहिला सामना १९ नोव्हेंबरचा, शिकागो बेअर्सविरुद्धचा. शेवटची चार-साडेचार मिनिटे उरली असताना लायन्स १४-२६ असे मागे होते आणि माझ्या रांगेतले काही जण कोट चढवून निघालेही होते. त्यानंतर जेमसन विल्यम्सचा टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे, त्याचे सहा गुण), अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना डेव्हिड माँटगोमेरीचा टचडाउन, आणि अखेरीस मिशिगनच्याच एडन हचिन्सनने प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, हातून उडवलेला चेंडू, निकाल ३१-२६. तिकिटाचे पैसे मला त्या चार मिनिटांत परत मिळाले. २४ डिसेंबरला मिनेसोटामध्ये विजय मिळवून संघाने १९९३ नंतर प्रथमच आपला विभाग जिंकला आणि १२ विजय व ५ पराभवांसह प्लेऑफ गाठली.

१४ जानेवारी २०२४ च्या रात्रीसाठी पुनर्विक्रीच्या एका संकेतस्थळावर मी जी किंमत दिली ती घरच्यांना पटली नाही, मला मात्र ती आजही जास्त वाटत नाही. समोर लॉस एंजेलिस रॅम्स होते, आणि त्यांचा क्वार्टरबॅक होता मॅथ्यू स्टॅफर्ड. याच स्टॅफर्डने डेट्रॉइटसाठी १२ हंगाम खेळूनही प्लेऑफचा एकही विजय पाहिला नव्हता. २०२१ च्या आरंभी व्यवस्थापक ब्रॅड होम्स यांनी त्याला रॅम्सकडे पाठवले, आणि बदल्यात क्वार्टरबॅक जेरेड गॉफ व नवे खेळाडू निवडण्याचे पुढील वर्षांतले हक्क घेतले. रॅम्सने स्टॅफर्डसह लगेच सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, आणि गॉफला नको असलेला माल म्हणून इकडे पाठवल्याची चर्चा झाली. पण त्याच व्यवहारातल्या एका हक्काची पुढे अदलाबदल होऊन २०२३ मध्ये जमीर गिब्स आणि सॅम लापोर्टा हे दोन नवोदित डेट्रॉइटला मिळाले. त्या रात्री लायन्सच्या तीन टचडाउनपैकी एक गिब्सने केला आणि एक, दुखऱ्या गुडघ्यानिशी खेळणाऱ्या लापोर्टाने, गॉफच्या फेकीवर. तीन वर्षांपूर्वीच्या एका व्यवहाराचा हिशेब असा एकाच मैदानावर, एकाच संध्याकाळी चुकता होताना मी कोणत्याही खेळात पाहिलेला नाही.

स्टॅफर्डने ३६७ यार्ड चेंडू फेकला आणि तो अप्रतिम खेळला. तरीही रॅम्स लायन्सच्या गोलरेषेजवळ तीनदा पोहोचून तीनही वेळा टचडाउनविना, फक्त तीन-तीन गुण घेऊन परतले, आणि सामन्याचा खरा फरक तिथे पडला. प्रतिस्पर्धी आक्रमण करत असताना प्रेक्षकांनी शक्य तितका कल्लोळ करायचा आणि आपला क्वार्टरबॅक इशारे देत असताना शांत राहायचे, अशी इथली रीत आहे. त्या रात्री पासष्ट हजारांचा जमाव ती एखाद्या वाद्यवृंदाच्या शिस्तीने पाळत होता. शेवटी गॉफने अमॉन-रा सेंट ब्राउनकडे ११ यार्डांचा चेंडू दिला, चेंडू आपल्याकडेच ठेवून उरलेला वेळ संपवण्याची सोय झाली, आणि २४-२३ असा निकाल लागला. गॉफच्या नावाचा गजर बाहेर रस्त्यावरही चालू होता. माझ्या शेजारी बसलेले सत्तरीचे गृहस्थ काही न बोलता रडत होते.

पुढच्या रविवारी टॅम्पा बे बकनिअर्सवर ३१-२३ अशी मात झाली. २८ जानेवारीचा, सुपर बोलच्या आधीचा, सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नायनर्सविरुद्धचा त्यांच्या मैदानावरचा सामना मी फोर्ड फील्डवरच, मोठ्या पडद्यांवर पाहिला. मध्यंतराला लायन्स २४-७ असे पुढे होते. या खेळात दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी असतात, आणि चौथ्या संधीला बहुतेक संघ चेंडू लाथाडून धोका टाळतात. कॅम्पबेल टाळत नाहीत. कबड्डीत दोन चढाया कोऱ्या गेल्यावर तिसऱ्या चढाईला जी धाकधूक होते, तीच इथे असते, फरक इतकाच की ती कॅम्पबेल आपणहून ओढवून घेतात. उत्तरार्धात त्यांचे असे दोन निर्णय फसले. पहिल्या वेळी लायन्सच्या जॉश रेनॉल्ड्सच्या हातून चेंडू सुटला. गिब्सकडूनही एकदा चेंडू निसटला, प्रतिस्पर्ध्याने सलग २७ गुण केले, आणि ३१-३४ असा पराभव झाला. त्या निर्णयांवर खूप टीका झाली. मला ते तेव्हाही योग्य वाटले आणि आजही वाटतात, कारण ज्या धाडसाच्या जोरावर हा संघ तिथवर पोहोचला ते शेवटच्या अर्ध्या तासात गुंडाळून ठेवणे म्हणजे दुसऱ्याच कुणाचा खेळ खेळणे ठरले असते.

सामना संपल्यावर लोक लगेच उठले नाहीत. रिकाम्या मैदानाकडे पाहत ते बराच वेळ बसून राहिले, आणि मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.