दीड टनी एसी: थंडावा उत्तम, पण ‘ई ५’ म्हणजे काय ते कुणीच सांगत नाही

जठारपेठेतल्या आमच्या घरी हा दीड टनाचा, पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी दोन उन्हाळे चालला आहे. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत आणि अंथरुणावरच असतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या वर गेला की त्यांच्या खोलीत एसी लागतोच. थंडाव्याबद्दल तक्रार नाही. भर दुपारी वीस मिनिटांत खोली निवते, आवाजाने त्यांची झोप मोडत नाही. तक्रार आहे ती डिस्प्लेवर उमटणाऱ्या अक्षरांची आणि त्यांचा अर्थ न सांगणाऱ्या पुस्तिकेची.

पहिल्याच महिन्यात ‘सी एल’ लुकलुकायला लागलं. मी घाबरून एसी बंद केला. निघालं काय, तर एसीची जाळी (फिल्टर) धुवायची आठवण! जाळ्या नळाखाली धुतल्या, सावलीत वाळवल्या, रिमोटचं बटण दाबून धरलं आणि अक्षरं गेली. दुसरी गोष्ट डिस्प्लेवर दिसणाऱ्या २४ या आकड्याची. तो खोलीचा पारा नसतो, आपण मागितलेलं तापमान असतं. २०२०पासून घरगुती एसी सुरू होताना २४वरच असावा असा नियमच आहे. सासूबाई उकडतंय म्हणत होत्या आणि मी त्या आकड्याकडे बघून त्यांची समजूत घालत होते. भिंतीवर तापमापक लावला तेव्हा कळलं, खोलीत २९ होते.

गेल्या मे महिन्यात ऐन दुपारी गार हवा थांबली. डिस्प्लेवर ‘ई एस’. कंपनीला फोन लावला, तिथली मुलगी म्हणाली, “मॅडम, असा कोडच नाही.” होता तो ‘ई ५’! डिस्प्लेवरच्या छोट्या दांड्यांनी बनलेल्या आकड्यांत पाच आणि एस अगदी सारखेच दिसतात. यात तासभर गेला. मी ओल्या पंच्याने सासूबाईंचं अंग पुसत बसले होते.

संध्याकाळी सर्व्हिस सेंटरचा माणूस आला. कोड न बघताच त्याने एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडला, परत चढवला. कोड गेला. “काकू, गॅस कमी झालाय, साडेतीन हजार होतील.” तो चहा पीत असतानाच ‘ई ५’ परत आला. मी गॅस भरू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतला मेकॅनिक आला. त्याचा पहिला प्रश्न, “काकू, बंद करायच्या आधी काय दिसत होतं?” मी फोटो दाखवला. “हे गॅसचं नाही. आतल्या युनिटचा निरोप बाहेरच्यापर्यंत पोचत नाहीये.” तो गच्चीवर गेला. खारीने दोन्ही युनिटना जोडणारी वायर कुरतडली होती. त्याने नवा तुकडा जोडला, वरून पाइप चढवला आणि चारशे रुपये घेतले. युनिट उघडावंच लागलं नाही, त्यामुळे वॉरंटीचाही प्रश्न आला नाही.

म्हणून कळकळीने सांगते, एमसीबी पाडण्याआधी डिस्प्लेचा फोटो काढा. आणि दुसऱ्या कंपनीच्या एसीचा व्हिडिओ बघून अर्थ लावू नका, तोच कोड प्रत्येक कंपनीत वेगळा असतो.

थंडाव्याला पाचपैकी साडेचार, सर्व्हिसला दीड, पुस्तिकेला एक. तिच्यात कोडची यादीच नाही, नुसतं ‘सेवा केंद्राशी संपर्क साधा’. मेकॅनिककडून यादी घेऊन मी मराठीत लिहून काढली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. दिवसा सासूबाईंजवळ बसणाऱ्या मावशींना ती वाचता येते.